नवा सेल टाकूनही ‘सीमॉस बॅटरी लो’ परत येतंय?

कोपरखैरण्याला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक जुना डेस्कटॉप आहे. मेंटेनन्सच्या पावत्या, टँकरचा हिशेब, सभेच्या नोटिसा, सगळं त्याच्यावर चालतं. गेल्या वर्षी जूनमध्ये तो सुरू करताना काळ्या स्क्रीनवर ‘सीमॉस बॅटरी लो’ आणि त्याखाली ‘प्रेस एफ१’ अशी ओळ दिसायला लागली. ऑफिस सांभाळणारे काका रोज एफ१ दाबून पुढे जायचे. तीनेक आठवडे कुणाला काही कळलं नाही. मग बी विंगमधल्या एक काकू पावती घेऊन आल्या. पैसे भरले होते जूनचे आणि पावतीवर तारीख १ जानेवारी २०१२. काकांनी शोधलं तर चालू वर्षाच्या खात्यात ती पावतीच नव्हती. ती कितीतरी वर्षं मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसली होती. अशा सव्वीस पावत्या निघाल्या.

मी महापेला सर्व्हरच्या देखभालीचं काम करतो, म्हणून हे माझ्याकडे आलं. मदरबोर्डवरचा, म्हणजे संगणकाच्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरचा, नाण्याएवढा सेल बदलला, तारीख लावली, पावत्या दुरुस्त केल्या. नवरात्रात तीच ओळ परत. दुकान बदलून दुसरा सेल आणला. संक्रांतीच्या आधी तिसऱ्यांदा तेच. खाली लिहिलंय ते मुख्यतः या तिसऱ्या खेपेबद्दल आहे. पहिल्यांदाच इशारा आला असेल तर बहुतेक वेळा सेल बदलून काम भागतं. पण सात महिन्यांत दोन सेल खाल्ले जात असतील तर तिसरा विकत आणण्याआधी थांबा.

इशारा कोण देतं

मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं. संगणक बंद असला तरी ते चालू राहतं. त्याच्या स्फटिकाची कंपनं सेकंदाला ३२,७६८ असतात. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात, त्यामुळे पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद मिळतो. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये हे घड्याळ मोटोरोलाच्या चिपमध्ये होतं आणि त्याच चिपमध्ये बायॉसच्या (संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगसाठी थोडीशी मेमरी होती. तिलाच सीमॉस म्हणतात. ती जोडी आजही टिकून आहे. म्हणून सेल गेला की घड्याळ आणि सेटिंग दोन्ही एकदम बिघडल्यासारखी वाटतात. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर मात्र सेटिंग वीज नसतानाही टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत राहते आणि फक्त वेळ जाते.

‘बॅटरी लो’ आणि ‘चेकसम एरर’ हे दोन वेगळे संदेश आहेत. पहिला सांगतो की सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी पडलाय. दुसरा सांगतो की साठवलेल्या सेटिंगची बेरीज आधी लिहून ठेवलेल्या बेरजेशी जुळत नाही, म्हणजे मधल्या काळात मेमरीला वीज पुरली नव्हती. खजिनदाराच्या वहीत जमा-खर्च जुळला नाही तर तो वही बाजूला ठेवून नवी सुरू करेल, तसं बायॉस सगळं मूळ सेटिंगवर नेऊन ठेवतं.

यातूनच एक गैरसमज होतो. सेल काढल्यावर मेमरी कोरी झालेली असते, त्यामुळे नवा सेल टाकल्यावर पहिल्यांदा चालू करताना संदेश बहुधा एकदा येणारच. बायॉसमध्ये जाऊन तारीख-वेळ घालून ‘सेव्ह अँड एक्झिट’ केलं की नवी बेरीज लिहिली जाते आणि दुसऱ्या वेळी संदेश येत नाही. नुसतं एफ१ दाबून पुढे गेलात तर काही बोर्डांवर तो येतच राहतो आणि माणूस चांगला सेल फेकून देतो. माझ्या ओळखीत असं दोघांनी केलंय.

चूक सेलचीच आहे का, हे घड्याळ स्वतः सांगतं

घड्याळ किती चुकतंय ते नीट बघा, कारण चुकण्याच्या आकड्यात कारण लपलेलं असतं.

साल मागे गेलंय आणि १ जानेवारी दिसतंय, तर वीज पूर्ण तुटली होती. ते साल बहुधा बायॉस तयार झालं त्या सुमाराचं असतं. आमचं २०१२ तिथूनच आलं.

रोज सकाळी काल रात्री बंद केल्याची वेळ दिसते, तर संगणक बंद असताना घड्याळ थांबतंय. सेल अगदी शेवटाला आलाय किंवा नीट टेकत नाहीये.

बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो, तर सेलला हात लावू नका. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असली की हे होतं. विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स सहसा जागतिक वेळ ठेवते आणि आपली वेळ त्याच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे. दोघांपैकी एकाची सवय बदलायची, बास. ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या एका मित्राने याच कारणासाठी दोन वेळा सेल बदलून घेतला होता आणि दोन्ही सेल ठणठणीत होते.

महिन्याला मिनिटभर पुढे-मागे होतंय, तर तो स्फटिकाचा स्वभाव आहे. दहा लाखात वीस भाग एवढी चूक धरली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला पन्नासच्या आसपास सेकंद होतात. नेटवरून वेळ मिळवली की ते मिटतं.

एक मात्र ध्यानात असू द्या. साल चुकलं असेल तर नेटच्या भरवशावर बसू नका. विंडोजची वेळ जुळवणारी सेवा मूळ सेटिंगवर साधारण १५ तासांपर्यंतचाच फरक स्वतःहून मिटवते. आधी तारीख हाताने लावा. बँकेची किंवा वीजबिलाची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडून बसते तेव्हाही हेच कारण असू शकतं: तुमच्या संगणकाच्या मते २०१२ चालू असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं दिसतं.

सेल किती टिकायला हवा

डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा सीआर२०३२ असतो. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. साठा साधारण २२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे २,२०,००० मायक्रोअँपिअर-तास. बंद संगणकातलं घड्याळ काही मायक्रोअँपिअर घेतं. पाच धरा: २,२०,००० भागिले ५ म्हणजे ४४,००० तास, पाच वर्षं. तीही सेल चोवीस तास एकटाच राबत असेल तर.

प्रत्यक्षात तो एकटा नसतो. भिंतीवरचं बटण चालू असेल तर संगणक बंद असतानाही एसएमपीएस (डब्यातला वीजपुरवठ्याचा भाग) थोडी वीज देत राहतो, घड्याळ त्यावर चालतं आणि सेलला विश्रांती मिळते. बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. आमच्या ऑफिसात रात्री निघताना मेन स्विच पाडतात. म्हणून कुणीतरी सुचवलं की बटण चालूच ठेवा, सेल टिकेल. मला हा सल्ला मुळीच पटत नाही. तळमजल्यावरचं ऑफिस, शेजारी पंपाची खोली, पावसाळ्यात भिंती ओल्या. तिथे रात्री वीज बंद ठेवणंच योग्य आहे. एका सेलसाठी ती सवय मोडू नये. बटण रोज बंद केलं तरी सेल काही वर्षं टिकायलाच हवा.

आमचा टिकला साडेतीन महिने. ऑफिस रोज सहा तास उघडं, म्हणजे सेलवर अठरा तास. शंभर दिवसांचे १,८०० तास. २,२०,००० भागिले १,८०० म्हणजे सुमारे १२० मायक्रोअँपिअर. पाचाच्या जागी एकशे वीस! हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा माझा सेलवरचा राग गेला. वीज दुसरीकडेच वाहत होती.

हात घालण्याआधी

बायॉसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. बूटचा क्रम, साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत), व्हर्च्युअलायझेशन, वीज परत आल्यावर मशीनने काय करायचं ते, सगळं. साटा मोड बदलला गेला तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून सुरूच होत नाही आणि माणसाला वाटतं डिस्क गेली. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कुलपाने, बंद असेल तर रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा, कारण बायॉस बदललेलं दिसलं की विंडोज ती मागू शकते. की नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला मिळणार नाही. ही पायरी मी कुणालाच गाळू देत नाही.

मग वायर काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा. चालू मशीनमध्ये सेल बदलला की सेटिंग जात नाही असं सांगणारे भेटतील. खरं आहे, पण हातातून सेल बोर्डावर पडला तर शॉर्ट होईल. फोटो काढले असतील तर ती जोखीम कशाला?

दाब मोजणं आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा

मीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. सेल बोर्डावरच असू द्या आणि वायर काढलेली असू द्या. कोऱ्या सेलवर सव्वातीनच्या आसपास दिसतं. ३ च्या पुढेमागे असेल तर ठीक. २.८ च्या खाली उतरला तर नवा आणून ठेवा, २.५ च्या खाली असेल तर तो संपला. पण हा सेल पेट्रोलच्या काट्यासारखा हळूहळू उतरत नाही. जवळजवळ शेवटपर्यंत ३ च्या आसपास राहतो आणि मग झपकन खाली येतो. त्यामुळे ‘२.९५ आहे, म्हणजे अजून खूप चालेल’ असं म्हणता येत नाही. बऱ्याच बोर्डांच्या बायॉसमध्ये हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर ‘व्हीबॅट’ नावाने हाच आकडा दिसतो. तो नवीन सेल टाकल्या दिवशी लिहून ठेवा आणि महिन्याने परत बघा.

आमचा दुसरा सेल २.३८ भरला. म्हणजे इशारा खोटा नव्हता.

मग चोर कुठे होता

पहिली शंका सेलवरच घेतली. दुकानात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेला किंवा बनावट माल मिळतो. सुटा, डब्यात इतर सेलांवर घासत पडलेला सेल घेऊ नका. बंद पाकिटातला, तारीख छापलेला घ्या. ‘हाच बसतो हो’ म्हणून सीआर२०२५ हातात देतात. त्याचा व्यास तोच, पण जाडी २.५ मिलिमीटर. तो बसतो, पण पट्टीला घट्ट टेकत नाही, आणि टेबल हललं तरी संपर्क सुटतो. एलआयआर२०३२ हा चार्ज होणारा प्रकार दिसायला हुबेहूब असतो, पण पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो. तो इथे कधीच घालू नका. आमचे दोन्ही सेल मात्र योग्य प्रकारचे, पाकिटातले होते.

दुसरी शंका धारकावर, म्हणजे सेल बसतो त्या खोबणीवर. स्क्रूड्रायव्हरने उचकटून सेल काढला की खालची पितळी जीभ दबते. ती लाकडी काडीने किंचित वर उचलली की पुरते. आमची नीट होती. शेजारचा सीमॉस पुसायचा जंपरही (दोन पिना जोडणारं छोटं टोपण) पाहिला. तो चुकीच्या जोडीवर राहिला तर काही बोर्डांवर सेल झरझर उतरतो. तोही जागेवर होता.

मग प्रवाह मोजला, आणि हे मला पहिल्याच खेपेला करायला हवं होतं. वायर काढलेली असताना सेलची वरची बाजू आणि धारकाची पट्टी यांच्यामध्ये कागदाचा पातळ कपटा सरकवला, म्हणजे मार्ग तुटला. मीटर २,००० मायक्रोअँपिअरवर ठेवून एक टोक सेलच्या वरच्या बाजूला आणि दुसरं पट्टीला लावलं. सुरुवातीला आकडा उडतो, मिनिटभर थांबायचं. थांबला ११८ वर. कागदावरच्या हिशेबाला इतका जवळचा आकडा आलेला पाहून मला खूप बरं वाटलं.

आता बोर्डाकडे टॉर्च मारून पाहिलं. धारकाच्या एका पायाजवळ धूळ चिकटून तिचा पापुद्रा झाला होता आणि पायाला हिरवट झाक होती. सीपीयूचा डबा खिडकीला लागून ठेवलेला. खिडकीतून पाऊस आत येतो, आणि आमच्याकडे वारा खाडीवरून येतो. खारट धूळ हवेतला ओलावा धरून ठेवते, आणि ओली खारट धूळ म्हणजे बारीकशी वायरच. घड्याळाच्या वाटची वीज दिवसरात्र त्यातून बोर्डाच्या ग्राउंडकडे जात होती. दुकानदार दोन्हींपैकी कुठल्याच वेळी खोटा नव्हता.

सेल काढला. जुन्या मऊ टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धारकाचा भोवताल हलक्या हाताने घासला, कापसाने टिपला, पुन्हा घासला. पाणी किंवा घरातलं काच पुसायचं द्रावण वापरू नका. बोर्ड पूर्ण दिवस पंख्याखाली सुकवला. दुसऱ्या दिवशी परत मोजलं: ४ मायक्रोअँपिअर. मग नवा सेल टाकला, दोन्ही बाजूंना बोटांचा तेलकट ठसा न लावता, कडेने धरून, अधिक चिन्ह वर ठेवून. डबा खिडकीपासून दूर, भिंतीवरच्या फळीवर हलवला.

साफ केल्यावरही आकडा वीस-तीसच्या वर राहिला तर बोर्डावरच एखादा कपॅसिटर किंवा चिप गळतेय. ते घरी शोधण्यासारखं नाही. जुन्या बोर्डासाठी दुरुस्तीचा खर्च करण्यापेक्षा दर वर्षी सेल बदलणं परवडतं, हे मी ग्राहकालाही तसंच सांगेन.

लॅपटॉप आणि सर्व्हर

लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा हाच सेल काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन वायरी आणि छोटा प्लग लावलेला असतो. धारकातला सुटा सेल तिथे सोल्डर करू नका. उष्णतेने तो फुटू शकतो. तयार वायरचा सेल मॉडेल सांगून मागवा आणि आधी मुख्य बॅटरीचा प्लग काढा. काही नव्या लॅपटॉपांत वेगळा सेलच नसतो, मुख्य बॅटरीच घड्याळ सांभाळते. तिथे इशारा आला तर मुख्य बॅटरी तपासायची.

सर्व्हरची गोष्ट उलटी आहे. तो वर्षानुवर्षं विजेवर असतो, त्यामुळे सेल मेलेला असूनही काही बिघडत नाही. फक्त व्यवस्थापन चिपच्या नोंदीत ‘व्हीबॅट’ लाल होतो. रोज तोच इशारा बघून कंटाळलेली माणसं मर्यादा खाली ओढून तो गप्प करतात. असं करू नका, अगदी मनापासून सांगतो. एक दिवस देखभालीसाठी इमारतीची वीज बंद होते आणि परत आल्यावर सर्व्हर चुकीच्या साली, चुकीच्या डिस्कवरून उठायला बघतो. डोमेनमधल्या, म्हणजे एकाच केंद्रीय लॉगिनखाली असलेल्या, मशीनच्या वेळेत मूळ सेटिंगप्रमाणे ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की लॉगिन नाकारलं जातं. अशा वेळी सगळे नेटवर्क तपासत बसतात आणि घड्याळाकडे कुणाचं लक्षच जात नाही. पुढच्या ठरलेल्या शटडाऊनच्या यादीत सेल लिहा आणि बदलल्यावर जुन्या नोंदी पुसा, नाहीतर पिवळा दिवा तसाच राहतो.

सोसायटीत आणखी एक सेल विसरला जातो: सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधला. नेटला न जोडलेल्या डीव्हीआरचा सेल गेला की चोरीच्या वेळचं चित्रण असतं, पण त्यावरची वेळ चुकीची असते, आणि पोलिसांना हवी तीच फीत शोधायला रात्र जाते. आमचा डीव्हीआर त्याच दिवशी उघडून पाहिला. अकरा मिनिटं मागे होता. तो हाताने लावला आणि सेल मोजला, चांगला निघाला.

काढलेल्या सेलचं काय

घरात लहान मूल असेल तर काढलेला सेल टेबलावर क्षणभरही ठेवू नका. गिळलेला हा नाण्याएवढा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजून काढू शकतो, आणि संपलेल्या सेलमध्येही तेवढी ताकद उरलेली असते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करायला न लावता तडक रुग्णालयात न्या. सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ पासूनच्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांत हे छोटे सेलही येतात.

मी डब्याच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर मार्करने लिहून ठेवलंय: सेल बसवल्याची तारीख, त्या दिवशीचे ३.२४ व्होल्ट आणि ४ मायक्रोअँपिअर. काका दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, पावत्या सुरू करण्याआधी, बायॉसमधला व्हीबॅटचा आकडा त्याखाली लिहितात. आठ नोंदी झाल्यात. शेवटची ३.०४ ची आहे. पावसाळाभर ती हलली नाही.